पडद्यावरचा हत्ती, पडद्यावरचे अस्वल

वांद्र्याच्या कार्टर रोडवर समुद्राकडे तोंड करून उभा असलेला राजेश खन्ना यांचा 'आशीर्वाद' बंगला आता राहिलेला नाही. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढे काही वर्षांतच वास्तूही पाडली गेली. या बंगल्याच्या खरेदीशी चार हत्तींची कथा जोडलेली आहे, हे नव्या पिढीला क्वचितच ठाऊक असते. राजेंद्र कुमार यांच्याकडून बंगला घ्यायचा तर रोकड हवी होती. त्याच सुमारास मद्रासचे निर्माते सँडो चिन्नप्पा देवर यांनी एका हिंदी चित्रपटासाठी भरघोस मोबदला देऊ केला. पटकथा नायकाला मुळीच पसंत नव्हती. ती सुधारण्याचे काम सलीम खान आणि जावेद अख्तर या तेव्हा फारशा परिचित नसलेल्या लेखकांकडे आले, अशी आठवण जावेद अख्तर यांनी पुढे सांगितली आहे. व्यवहाराच्या निकडीतून स्वीकारलेला हा चित्रपट म्हणजे १९७१ चा 'हाथी मेरे साथी'.

देवर यांनी ही कथा 'दैव चेयल' (१९६७) या तमिळ चित्रपटातून घेतली होती आणि हिंदीतील यशानंतर १९७२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांना घेऊन ती पुन्हा तमिळमध्ये नेली. एकच माल तीनदा बाजारात आणणारा व्यापारी चित्रसृष्टीत तरी विरळाच. २०२१ मध्ये 'हाथी मेरे साथी' हे नाव पुन्हा पडद्यावर आले, परंतु ती जंगल वाचवण्याची निराळी गोष्ट होती, जुन्या कथेचा पुढला भाग नव्हे.

मूळ कथा साधी आहे. पोरका राजू हत्तींच्या आधाराने वाढतो, त्यांच्या खेळांवर पोट भरतो आणि पुढे प्राण्यांसाठी एक स्वतंत्र वसाहतच उभी करतो. लग्नानंतर घरात तान्हे मूल येते. हत्तींकडून त्याला अपाय होईल, या भीतीने पत्नी नवऱ्यासमोर पेच टाकते: हत्ती की संसार? तुटलेले घर सांधण्यासाठी रामू हत्ती धडपडतो आणि अखेर मालकावर झाडलेली गोळी स्वतःच्या अंगावर घेतो. त्याच्या अंत्ययात्रेच्या वेळी मोहम्मद रफी यांचा स्वर ऐकून त्या काळी चित्रपटगृहात भल्याभल्यांचे डोळे ओले होत.

जैन घरांतील बालकांना उपकारकर्ता हत्ती नवा नाही. पाठशाळेत मेघकुमाराची कथा ऐकलेले मूल जाणते, की वणव्यातून वाचण्यासाठी प्राणी एकत्र जमले असता हत्तीने अंग खाजवण्यासाठी पाय उचलला आणि रिकाम्या झालेल्या जागेत एक ससा येऊन बसला. तो चिरडू नये म्हणून अडीच दिवस हत्तीने पाय टेकवलाच नाही. तो हत्ती पुढील जन्मी श्रेणिक राजाचा पुत्र झाला. रामू आणि हा हत्ती यांत मोठा फरक आहे. रामू आपल्या माणसासाठी मरतो, तर त्या हत्तीचा सशाशी काहीच संबंध नव्हता.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो मोठ्यांपेक्षा मुलेच आधी विचारतात: मोटार ढकलायला, सलाम करायला हत्तीला शिकवले कसे? उत्तर टाळता येत नाही. साखळी आणि अंकुश यांच्यावाचून असे खेळ सहसा साधत नाहीत. करुणेचा धडा देणारा चित्रपट ज्या प्राण्याच्या कष्टावर उभा राहतो, त्या कष्टाचा हिशेब श्रेयनामावलीत नसतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आणि त्यानुसार रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. परंतु अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळ करायला लावण्यावर बंदीची अधिसूचना निघाली ती १९९८ मध्ये. चित्रीकरणात प्राणी वापरण्याचे नियम २००१ चे. हत्ती त्या बंदीच्या यादीत नव्हता.

हा प्रश्न केवळ पडद्यापुरता उरलेला नाही. २०२५ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणी येथील जैन मठाची महादेवी हत्तीण जामनगरला हलवण्यात आली. सर्वोच्च न्यायालयानेही तो आदेश कायम ठेवला. निरोप देताना गाव रडले, नंतर हजारो लोक नांदणीहून कोल्हापूरपर्यंत पायी चालत गेले. तिच्या प्रकृतीचे अहवाल न्यायालयापुढे होते आणि तीस-बत्तीस वर्षांची माया गावाकडे होती. माया खोटी नव्हती, पण हत्तीण कळपाविना राहत होती, हेही खोटे नव्हते. जीवदयेचा वारसा सांगणाऱ्या समाजाने दुसरी बाजू ऐकताना अधिक धीर दाखवायला हवा होता, असे म्हणावेसे वाटते.

म्हणूनच सुट्टीत कुटुंबाने एकत्र बसून पाहावा असा चित्रपट सुचवायचा, तर 'पॅडिंग्टन २' (२०१७) चे नाव पुढे येते. मायकेल बाँड यांनी १९५८ मध्ये निर्मिलेले हे पेरू देशातले अस्वल लंडनच्या एका कुटुंबात राहते. पॉल किंग दिग्दर्शित या दुसऱ्या भागात अस्वल संपूर्णपणे संगणकावर घडवले आहे आणि त्याला आवाज बेन व्हिशॉ यांचा आहे. एकाही अस्वलाला साखळी लागली नाही.

व्यापारी घरांना यातील दुकानाचा प्रसंग विशेष रुचेल. ग्रूबर यांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात लंडनची उघडताच उभी राहणारी चित्रे असलेले एक पुस्तक पॅडिंग्टनला दिसते. ल्यूसी मावशीच्या शंभराव्या वाढदिवसाला तेच द्यायचे, असे तो ठरवतो. कोणाकडे हात पसरत नाही की उधारी मागत नाही. न्हाव्याच्या दुकानातील नोकरी फसते, मग खिडक्या पुसून तो नाणी साठवतो. इतक्यात पुस्तक चोरीला जाते, आळ त्याच्यावर येतो आणि न्यायासनावर बसलेले गृहस्थ नेमके तेच निघतात, ज्यांच्या केसांची त्याने दैना केलेली असते! तुरुंगात भटारखान्याचा दांडगा प्रमुख नकल्स सगळ्यांना धाकात ठेवून असतो. पॅडिंग्टन त्याला संत्र्याचा मुरंबा शिकवतो (जैन स्वयंपाकघरालाही यात आक्षेपार्ह काही नाही) आणि भोजनगृहाचे रूपच पालटते. ह्यू ग्रँट यांनी रंगवलेला अहंमन्य नट-चोर मोठ्यांनाही हसवतो. पाठलागाचा भाग थोडा लांबला आहे, मुलांची मात्र तक्रार नसेल.

शेवटी निर्दोष सुटूनही पॅडिंग्टनच्या हाती पुस्तक येत नाही, कारण ते पुराव्यादाखल पोलिसांकडे असते. वाढदिवस येऊन ठेपतो, भेट काहीच नाही. ज्यांच्या लहानसहान अडचणी त्याने वर्षभर निस्तरल्या, ते गल्लीतले शेजारी तेव्हा एकत्र येतात. दारावरची घंटा वाजते. पॅडिंग्टन दार उघडतो आणि उंबऱ्यावर साक्षात ल्यूसी मावशी उभी असते.