लिलावाचा आकडा आणि चित्राचे मोल

मार्च २०२५ मध्ये मकबूल फिदा हुसेन यांच्या १९५४ सालच्या ‘ग्रामयात्रा’ या चित्राला न्यू यॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपये आले. हा आकडा घरोघर पोचला. चित्रात काय आहे, याची चौकशी मात्र थोड्यांनीच केली. आधुनिक चित्रकला ही धनिकांची चैन असून सामान्यांना ती कळावयाची नाही, हा समज आपल्या सुशिक्षित वर्गात किती खोल रुजला आहे, याचेच हे द्योतक होय.

या समजाला इतिहासाचा आधार नाही. १९४९ साली मुंबईत ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’चे प्रदर्शन भरले, तेव्हा त्यातील आरा यांनी पूर्वी मोटारी धुतल्या होत्या, तर हुसेन यांनी चित्रपटांचे फलक रंगविले होते. गोव्याच्या सूझांची जाड, बोचरी रेषा, रझांची त्या काळातील जलरंगातील दृश्ये, आरांची फुले, विज्ञानाचे पदवीधर असलेल्या गाडे यांची निसर्गचित्रे, आणि बाकरे तर शिल्पकारच. या सहा जणांची शैली एक नव्हती. ठराविक साच्याला नकार, एवढेच त्यांच्यात समान होते. अशा प्रदर्शनात एका चित्राचा निकष दुसऱ्यास लावता येत नाही. प्रेक्षकाला प्रत्येक भिंतीपाशी नव्याने पाहावे लागते. भिन्न शैली शेजारी मांडण्याचे खरे महत्त्व यातच आहे.

पाहण्याची ही सवय लावण्याचे काम शाळांचे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना असंख्य विद्यार्थी बसतात. वाढीव गुणांचा हिशेबही चोख ठेवला जातो. परंतु चित्र काढावयास शिकलेला मुलगा चित्र पाहावयास क्वचितच शिकतो. ‘हुबेहूब’ हाच त्याचा एकमेव निकष राहतो.

अर्थात दोष एकट्या शाळांचा नाही. प्रदर्शनांची माहितीपत्रके बहुधा इंग्रजीत आणि तीही दुर्बोध असतात. महाराष्ट्रातील कलादालनांनी मराठीत चार सरळ वाक्ये लिहिली, तर कलेची प्रतिष्ठा उणावणार नाही.

मुंबईचे जहांगीर कलादालन १९५२ पासून उभे आहे आणि तेथे प्रवेशाला मूल्य पडत नाही. दाराशी अडवणारा असलाच, तर तो प्रेक्षकाच्या मनातील संकोच. शिक्षकांनी वर्षातून एक दुपार विद्यार्थ्यांना अशा दालनात नेले, तरी तो ओसरू लागेल. चित्र विकत घेणे थोड्यांनाच परवडते. ते पाहण्याचा अधिकार मात्र सर्वांचा आहे, आणि तो न बजावल्यास समाजाच्या हाती केवळ लिलावाचे आकडेच उरतील.