आत माणूस, बाहेर कुलूप. चावी कोणाकडे?

सध्या मोबाईलवर रीलच रील फिरून राहिल्या आहेत. पिनेनं कुलूप कसं उघडायचं ते शिका, संकटात कामी येईल म्हणे. येतही असेल. घरात पोरगं कोंडलं गेलं तर दहा मिनिटं खटपट करता येते, नाहीतर चावीवाल्याला बोलावता येतं. आगीचा धूर मात्र एवढा वेळ देत नाही.

पुण्याकडच्या दोन घटना आठवा. ३० डिसेंबर २०१६, कोंढव्यातली बेकरी : ६ कामगार गेले. ९ मे २०१९, उरुळी देवाचीतलं साडीचं दुकान : ५ कामगार गेले. दोन्हीकडे माणसं आत झोपलेली आणि कुलूप बाहेरून. शटरच्या बाहेर लटकलेल्या कुलपापर्यंत आतल्याचा हातच पोचत नाही, तिथं पीन काय करणार?

राष्ट्रीय इमारत संहितेचा नियम साधा आहे : बाहेर पडायचं दार आतून चावीशिवाय उघडलं पाहिजे. चोरीची भीती खरी आहे, मान्य. पण मालाच्या राखणीसाठी माणूस कोंडायचा नसतो.

तिरोड्यातल्या दुकानदार, राईस मिलवाल्यांनो, आतून उघडणारी कडी बसवा. दुसरी चावी शेजाऱ्याकडे ठेवा. दाराजवळ एक सब्बल असू द्या. खर्च किती? एका पोत्या धानाएवढाही नाही.

आणि नगर परिषदेनं एखाद्या रात्री बाजारात फेरी मारावी. बंद शटरवर टकटक करावी. आतून आवाज आला तर मालकाला फोन लावून एवढंच विचारावं : बाप्पा, चावी कोणाकडे आहे?