न पिकणारे केस

दिवाळीच्या तोंडावर घरात साफसफाई निघाली की आमच्यासारख्या निवृत्त माणसांची मोठी पंचाईत होते. धड मदत करता येत नाही आणि धड स्वस्थही बसता येत नाही. ज्या खुर्चीत टेकावे, नेमकी तीच खुर्ची पुसायची राहिलेली असते. अखेर मुलीने माझ्यावर एक कामगिरी सोपवली. नातवाच्या खोलीतली रद्दी वेगळी काढायची. "बाबा, वाचत मात्र बसू नका हं!" असे बजावून ती फराळाच्या मागे लागली. ज्या माणसाची निम्मी विद्या रद्दीच्या दुकानात झाली, त्याला असे बजावणे म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवून वर 'पिऊ नकोस' म्हणण्यासारखेच आहे!

कपाटाच्या तळाशी चित्रांच्या गोष्टींची काही जाड पुस्तके निघाली. एक सहज उघडले, तो पानभर एक माणूस जबडा वासून माझ्याकडे पाहत होता. दात कसले, फुरशाचे असावेत तसे सुळे. मी ते पुस्तक रद्दीच्या ढिगावर ठेवणार, इतक्यात चिरंजीव नातू दारात हजर.

"आजोबा, ती नका घालू रद्दीत! आणि वाचूही नका. रात्री झोप लागायची नाही तुम्हाला."

"अरे, या वयात झोप तशीही लागत नाही," मी म्हटले. "भुताच्या निमित्ताने जागलो, तर तेवढीच सोबत."

तर वाचकहो, त्या रात्री मी जागलो. भीतीने नव्हे, पण का जागलो ते सांगण्यासाठीच आज हे पान अडवले आहे.

पुस्तकाचे नाव 'अमेरिकन व्हॅम्पायर'. व्हॅम्पायर म्हणजे माणसाचे रक्त पिऊन अमर झालेले पिशाच. लेखक स्कॉट स्नायडर, चित्रकार ब्राझील देशाचा राफाएल अल्बुकर्की. मालिकेचा पहिला अंक २०१० साली निघाला. पहिल्या पाच अंकांत अर्धी गोष्ट स्नायडरने लिहिली आणि अर्धी स्टीफन किंग या भयकथांच्या सम्राटाने. पुढच्याच वर्षी उत्कृष्ट नव्या मालिकेचे आयस्नर पारितोषिक तिला मिळाले. चित्रकथांच्या राज्यात या पारितोषिकाचा मान मोठा आहे, हे नातवाने मला दोनदा सांगितले. पहिल्यांदा मी नीट मान हलवली नव्हती.

एक गंमत पाहा. मी शाळकरी पोर असताना 'चांदोबा'तला वेताळ आम्ही राजरोस वाचत असू. पाठीवर प्रेत घेतलेला विक्रम राजा पाहून कोणा वडीलधाऱ्याच्या कपाळाला आठी पडली नाही. त्याच काळात तिकडे अमेरिकेत मात्र चित्रकथांमधून व्हॅम्पायर हद्दपार झाला होता! अशा पुस्तकांनी मुले बिघडतात अशी ओरड झाली आणि १९५४ साली प्रकाशकांनी आपल्या आपणच एक नियमावली केली. तिच्यात व्हॅम्पायर आणि चालती प्रेते यांना साफ मनाई होती. ती १९७१ साली सैल झाली. सतरा वर्षे रक्त पिणाऱ्याला रक्ताचा थेंब मिळाला नाही. पण भूत आणि उधारी, दोन्ही दाराबाहेर फार दिवस राहत नाहीत.

व्हॅम्पायर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? युरोपातला पडका किल्ला आणि काळा झगा घातलेला एक उमराव. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'ने १८९७ साली ते चित्र रुजवले आणि १९३१ च्या बोलपटात बेला लुगोसीने ते पक्के केले. स्नायडरने प्रश्न असा घातला, की हा युरोपातला खानदानी पाहुणा अमेरिकेच्या मातीत उतरला तर त्याचे काय होईल? प्रश्न मला फार पटला. भूत हे मातीचे असते. आपला मुंजा पिंपळ सोडून निलगिरीच्या झाडावर राहायला जायचा नाही.

या कथेत ते जुने युरोपीय व्हॅम्पायर अमेरिकेत पैसेवाले होऊन बसले आहेत. कोणी बँकेचा मालक, कोणी सिनेमाचा निर्माता. उन्हात मात्र त्यांचा टिकाव लागत नाही. अशांपैकी एकाची गाठ १८८० च्या सुमारास स्किनर स्वीट नावाच्या दरोडेखोराशी पडते. हा स्वीट गोड गोळ्यांचा षौकीन. माणूस मारतानाही तोंडात गोळी असायची. झटापटीत त्या व्हॅम्पायरचे रक्त स्वीटच्या अंगात जाते, आणि जन्माला येते ते वेगळेच प्रकरण. हे नवे भूत भर दुपारी उन्हात हिंडते! त्याला मूठमाती देतात, गावावर धरणाचे पाणी सोडून कबर तळ्याच्या बुडाशी घालतात, तरी पुढे ते बाहेर येतेच.

जुन्या जातीला लाकूड बाधते. या नव्याला बाधते ते सोने. इथे मी पुस्तक मिटून क्षणभर बसलो. १८४९ साली सोन्याच्या हावेपायी हजारो माणसे कॅलिफोर्नियाकडे धावली. ज्या देशाने असा सोन्याचा ध्यास घेतला, त्याच्या मातीतले भूत सोन्यानेच मरावे! लेखकाने हे मुद्दाम केले की आपसूक झाले, कोण जाणे. पण आपल्या आजीबाईंनी हे ऐकले असते तर 'ज्याचे त्यालाच बाधते गं बाई' म्हणून मान डोलावली असती.

कथेची नायिका मात्र वेगळीच आहे. साल १९२५, मुक्काम लॉस एंजेलिस. मूकपटांचा जमाना. पर्ल जोन्स नावाची एक गरीब मुलगी नटी होण्यासाठी आलेली. दिवसा गर्दीतली कामे करायची, उरलेल्या वेळात पडेल ती नोकरी करायची, आणि मैत्रिणीबरोबर एका खोलीत राहायचे. एका बड्या निर्मात्याच्या घरच्या मेजवानीचे बोलावणे येते. बिचारीला वाटते, नशीब उघडले. त्या घरात भरलेली असते व्हॅम्पायरांची पंगत. तिला खाऊन संपवतात आणि वाळवंटात फेकून देतात. स्किनर स्वीट येऊन आपल्या रक्ताचा थेंब तिला देतो, आणि पर्ल उठते ती हिशेब चुकता करायलाच. तिला त्या घरात पोचवण्यात तिच्या मैत्रिणीचाही हात होता, हे कळते तेव्हा सुळ्यांपेक्षा ते अधिक टोचते.

पुढे गोष्ट दशकादशकाने सरकते. १९३६ साली लास व्हेगास गावात कोणी तरी माणसांचे रक्त शोषून टाकते आहे, आणि मेलेले सगळे जवळच्या प्रचंड धरणाचे काम घेतलेल्या मंडळींपैकी. धरण खरे आहे. हूवर धरण, १९३१ ते १९३६ या काळात बांधले, उंची ७२६ फूट. ऐन भरात पाच हजारांवर मजूर तिथे राबत होते, आणि सरकारी हिशेबाने शहाण्णव माणसे बांधकामावर मेली. आता सांगा, तिथे रक्त पिणारे दाखवायला चित्रकाराला फार दूर जावे लागले असेल का? आपल्या भाषेत सावकाराला 'रक्तपिपासू' म्हणतात, ते काही कोणा भयकथेवरून नव्हे.

हे झाले कल्पनेतले. पण खुद्द अमेरिकेच्या इतिहासात एक हकिकत अशी आहे की तिच्यापुढे हे सुळेवाले खेळण्यातले वाटावेत. ऱ्होड आयलंड संस्थानातल्या एक्झेटर गावी जॉर्ज ब्राउन नावाचा शेतकरी होता. बायको क्षयाने गेली. मागोमाग थोरली मुलगी गेली. १८९२ च्या जानेवारीत एकोणीस वर्षांची मर्सी गेली. मुलगा एडविन त्याच दुखण्याने अंथरुणाला खिळलेला. शेजारी म्हणू लागले, गेलेल्यांपैकीच कोणी तरी थडग्यातून एडविनचा प्राण ओढून घेत आहे. बापाचा यावर विश्वास नव्हता. पण एकुलता एक मुलगा हातचा चाललेला पाहून त्याने होकार दिला. मार्च महिन्यात शवपेट्या उघडल्या. ऐन हिवाळ्यात गेलेल्या मर्सीचा देह थंडीने टिकला होता; लोकांना हवा तो पुरावा मिळाला. तिचे काळीज जाळून ती राख पाण्यातून भावाला पाजली. मे महिन्यात एडविनही गेला.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ सालीच शोधून काढला होता. दहा वर्षे झाली तरी ती बातमी त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत पोचली नव्हती. त्या शेजाऱ्यांना हसवत नाही मला. दुःखाला कारण सापडले नाही की माणूस भूत शोधतो, आणि ते बाहेर कुठे न शोधता घरातल्याच माणसात शोधतो.

आता ज्याने माझी झोप नेली त्याच्याकडे येतो. तो कोणी व्हॅम्पायर नाही. त्याचे नाव हेन्री. हा हेन्री एक साधा वादक. पर्लचे काय झाले आहे हे पुरते ठाऊक असून तो तिच्याशी संसार मांडतो. ती अमर, तो तुमच्याआमच्यासारखा. अंकामागून अंक जातात, सालामागून साल जाते. पर्ल तशीच तरणीताठी. हेन्रीच्या कपाळावर मात्र चित्रकार एकेक रेघ वाढवत नेतो. महायुद्धात तो पॅसिफिक समुद्रातल्या बेटावर लढायला जातो, तेव्हा वाटते, वाढत्या वयाशीच भांडायला निघाला आहे. दुसऱ्या मालिकेत १९६५ साल उजाडते. पर्ल तीच आहे, तशीच आहे. हेन्री नाही.

मी दिवा मालवला. समोरच्या भिंतीवर आमच्या कुटुंबाचा फोटो आहे. १९८५ साली अकरा दिवसांच्या तापाचे निमित्त झाले आणि ती गेली. वय चौतीस. फोटो त्याच्या आदल्या वर्षीचा. फोटोवाल्याने 'जरा हसा बाई' म्हटल्यावर हसू दाबून धरलेले. तिचा एक केस पिकलेला नाही. माझ्या डोक्यावर आता काळा केस शोधायला भिंग लागेल. आमची मुलगी पन्नाशीची झाली, म्हणजे आपल्या आईपेक्षा सोळा वर्षांनी मोठी! नवखा पाहुणा फोटो पाहून विचारतो, "ही तुमची धाकटी मुलगी का?" मी "नाही" म्हणतो आणि पुढे काही बोलत नाही.

इतकी वर्षे मी मनाची एक समजूत घालून ठेवली होती. भेटायला येणाऱ्यांनाही तेच ऐकवत असे. ती सुटली. गुडघेदुखी नाही, मोतीबिंदू नाही, तरुण आली नि तरुण गेली. म्हातारपण काय ते माझ्या वाट्याला आले. कधी कधी तर, खोटे कशाला बोलू, मला तिचा हेवाही वाटे.

त्या चित्रांच्या पुस्तकाने ही समजूत एका रात्रीत मोडली. पर्लला सगळे मिळाले. ताकद, तारुण्य, अमरपण. मिळाले नाही ते एवढेच, हेन्रीबरोबर म्हातारे होणे. आरशापुढे शेजारी शेजारी उभे राहून 'तुमचे किती पिकले हो!' म्हणणे. माझ्या पदरात पडलेले म्हातारपण हे ओझे आहे असे मी समजत होतो. ते खरे तर दोघांच्या वाटणीचे होते, आणि तिचा वाटा तिला कधी मिळालाच नाही. 'सुटली' हा शब्द मी तिच्यासाठी वापरत नव्हतो. माझ्यासाठी वापरत होतो.

नरकचतुर्दशीला पहाटे अंघोळी आटोपून फोटोला हार घातला. नातू शेजारी उभा होता.

"आजोबा, किती वाचलेत?"

"सगळे."

"मग? घाबरलात?"

"थोडासा," मी म्हटले. "त्या हेन्रीचे वाईट वाटले रे."

तो गप्प राहिला. मग फोटोकडे पाहत म्हणाला, "आजी कशी होती हो? म्हणजे, बोलायची कशी?"

वीस वर्षांत त्याने हे विचारले नव्हते. त्याच्याकडे तरी काय दोष? तिचे नाव निघाले की मीच उठून वर्तमानपत्र शोधायला लागत असे. त्या दिवशी उठलो नाही. चकलीचे तुकडे मोडत तासभर सांगत बसलो. चकल्या तिच्या नेहमी मऊ पडायच्या, आणि दोष दर वर्षी ती माझ्या गिरणीवाल्याला द्यायची. आमची मुलगी दाराशी केव्हा येऊन उभी राहिली ते कळलेही नाही.

रद्दी तशीच राहिली. मुलीने त्याबद्दल एक अक्षर काढले नाही. आणि नातवाने जाता जाता बातमी दिली, की या मालिकेचा १९७६ सालावरचा भागही निघाला आहे. मला हवा असेल तर तो आणून देईल.

मी म्हटले, आण. पर्लचे पुढे काय झाले, ते कळायला हवे.