तीन नगरांचे संचित

मुंबईचे १९२२ साली खुले झालेले वस्तुसंग्रहालय पाहावयास अंबरनाथ-बदलापूरकडील मुलांनी जरूर जावे. परंतु शके ९८२ मध्ये, शिलाहार राजा मुम्मुणीच्या कारकीर्दीत पूर्ण झालेले शिवमंदिर ज्यांच्या दारी उभे आहे, त्यांना त्याच्या भिंतींवरील शिल्पे समजावून सांगावयाची कोणी?

उल्हासनगरची निकड याहून मोठी आहे. महायुद्धकाळातील कल्याण छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली त्या वसाहतीस आजचे नाव मिळाले. सिंधमधून आणलेली भांडी, पत्रे, हिशेबाच्या वह्या अजून कोणाकोणाच्या ट्रंकांत असतील. ती आणणारी पिढी मात्र झपाट्याने अंतर्धान पावत आहे. मंदिराचा पाषाण साडेनऊशे वर्षे थांबला, तशा या आठवणी थांबणार नाहीत.

उल्हासनगर महानगरपालिकेने अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांसह प्रादेशिक संग्रहालय उभारावे, अशी आमची सूचना आहे. बारवीकाठच्या रानाला व उल्हास नदीलाही त्यात दालन हवे. मंदिराजवळून वाहणाऱ्या वालधुनीचे काळवंडलेले पाणी बाटलीत भरून मांडल्यासही आमची हरकत नाही! इमारतीस वर्षे लागतील; आठवणी टिपून घेण्यास आणि वस्तूंची यादी करण्यास एक खोली व दोन जाणते कारकून पुरे. तेवढी तरतूद येत्या अंदाजपत्रकातच व्हावी.