अप्रमाद आणि अग्निसूचना

खाली कापडाची पेढी, मधल्या मजल्यावर गोदाम आणि वर राहते घर, ही पेठेतील व्यापारी कुटुंबांची जुनी रचना. रात्री गोदामातील एखादा गठ्ठा धुमसू लागला, तर ज्वाळेआधी धूरच जिन्याने वर निजलेल्यांपर्यंत पोहोचतो. म्हणून गोदामात व जिन्यात धूरसूचक हवा. स्वयंपाकघरात आणि धूप-दीप चालणाऱ्या गृहचैत्यालयात मात्र उष्णतासूचक योग्य. तेथे धूरसूचक वारंवार उगाच वाजतो आणि कंटाळून बंद केलेली घंटा असून नसल्यासारखीच. लहान वास्तूस केवळ विभाग दर्शवणारी साधी यंत्रणा पुरते. अनेक खोल्यांच्या धर्मशाळेस नेमकी जागा दर्शवणारी ‘अ‍ॅड्रेसेबल’ यंत्रणा घ्यावी. घंटा बंद दारामागेही ऐकू यावी, वीज गेल्यावर बॅटरीवर चालावी. महाराष्ट्राचा २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा लागू असलेल्या इमारतींना दर जानेवारीत व जुलैत परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. ती केवळ कागदपूर्ती ठरू नये. त्या वेळी प्रत्येक सूचक प्रत्यक्ष तपासून घ्यावा. आग लहान असतानाच कळली, तर माणसांबरोबर असंख्य सूक्ष्म जीवांचीही हिंसा टळते. गृहस्थाच्या अप्रमादात हेही येते.