लखटकियाची लाज

गेल्या हिवाळ्यात आदिलाबादेत एका गृहस्थांचे व्याख्यान झाले. विषय होता 'ग्रामीण ग्राहकाचे मन'. हे मन त्यांनी पाऊण तासात उलगडून दाखवले आणि त्यातली पाच मिनिटे नॅनो मोटारीला दिली. गृहस्थ हैदराबादहून तीनशे किलोमीटर सात आसनी गाडीतून एकटेच आले होते. या गोष्टीचा युक्तिवादाशी संबंध नाही, पण सांगितल्यावाचून राहवतही नाही.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. टाटांनी जगातली सर्वांत स्वस्त मोटार केली. मोटार उत्तम होती. 'स्वस्त' या एका शब्दाने तिचा घात केला. आपला माणूस दिखाऊ. तो गाडी घेतो ती बसायला नव्हे, शेजाऱ्याच्या डोळ्यांत भरायला. एकदा गरिबाची गाडी म्हणून शिक्का बसला की गरीबही तिच्याकडे फिरकत नाही, कारण त्याला गरीब दिसायचे नसते. सबब, नॅनो पडली ती आपल्या खोट्या प्रतिष्ठेपायी. सभागृहाने माना डोलावल्या. पहिल्या रांगेतल्या दोन अडत्यांनी टाळ्याही वाजवल्या.

हे मत काही त्या गृहस्थांच्या घरचे नाही. धंद्याचे शिक्षण देणाऱ्या वर्गांतून ते कित्येक वर्षे फिरते आहे. रतन टाटांनी स्वतः २०१३ साली 'सर्वांत स्वस्त' म्हणून गाडी पुढे केली गेली हे दुर्दैव, अशी खंत व्यक्त केल्यापासून तर त्याला आप्तवाक्याचे वजन आले. व्यवस्था सोयीची आहे. विकणाऱ्याने जाहिरातीला दोष द्यायचा, विद्वानाने गिऱ्हाइकाला द्यायचा, आणि मोटारीची उलटतपासणी कोणीच घ्यायची नाही.

प्रस्तुत लेखकाची पहिली हरकत साधी आहे. लाज वाटली, तर ती कोणत्या महिन्यात वाटली?

१० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात ही गाडी प्रथम दिसली, तेव्हाच देशभरच्या वर्तमानपत्रांनी तिला लाखाची गाडी म्हटले. हिंदी पत्रांनी 'लखटकिया' केले आणि आदिलाबादच्या चहाच्या टपऱ्यांवरही तोच शब्द रुळला. म्हणजे स्वस्तपणाचा डंका गाडीच्या आधी गावात पोचला होता. २३ मार्च २००९ ला मुंबईत ती विक्रीसाठी जाहीर झाली. ९ ते २५ एप्रिल या सतरा दिवसांत नोंदणी चालली. अर्जालाच तीनशे रुपये पडत होते आणि सर्वांत साध्या गाडीसाठी आगाऊ भरायची रक्कम ९५ हजार होती. तरी नोंदण्या किती झाल्या? २,०६,७०३. लाजणाऱ्या देशात दोन लाखांवर लोकांनी स्वतःचे, नाहीतर बँकेचे पैसे आगाऊ देऊन लाज विकत घ्यायला रांग लावली, आणि पहिल्या लाखभर गाड्या कोणाला मिळणार ते सोडतीने ठरवावे लागले! यातल्या जवळजवळ निम्म्या नोंदण्या सर्वांत महागड्या प्रकाराच्या होत्या. त्यावर गृहस्थ म्हणतील, पाहा, दिखाऊपणा! म्हणोत. लोकांना गार हवा देणारे यंत्र आणि चांगल्या काचा हव्या होत्या, एवढाच त्याचा अर्थ. आदिलाबादचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला यात मानसशास्त्र दिसणार नाही.

आता पुढचा आकडा. नोव्हेंबर २०१० मध्ये देशभरात नॅनो विकल्या गेल्या ५०९. गृहस्थांच्या शास्त्राप्रमाणे एप्रिल २००९ ते नोव्हेंबर २०१० या एकोणीस महिन्यांत भारतवर्षाला लाजेचा झटका आला असला पाहिजे. झटका मोठा विचित्र, कारण पुढच्याच महिन्यात विक्री ५,७८४ वर गेली. तीस दिवसांत लाज उतरली कशाने? कंपनीने हमी चार वर्षांची केली, देखभालीचा करार महिना ९९ रुपयांवर आणला आणि कर्जाची वाट मोकळी केली. २०११-१२ हे तर नॅनोचे सर्वांत भरभराटीचे वर्ष, ७४,५२७ गाड्यांचे. हमीपत्राने आणि कर्जाने बरी होणारी लाज ही लाज नव्हे. तिला आमच्याकडे शंका म्हणतात. गाड्या पेटल्याच्या बातम्या आल्या होत्या, बँका हात आखडत होत्या, माणूस थांबला. शहाण्या माणसाने दुसरे काय करायचे?

आणि खरी गंमत याच्याही पुढे आहे. कंपनीने गृहस्थांचेच मत मान्य केले आणि 'स्वस्त' हा शब्द गाडीवरून पुसायला घेतला. तरुणांची गाडी, शहरातली चलाख गाडी अशा जाहिराती आल्या, रंग भडक झाले. २०१४ मध्ये पॉवर स्टिअरिंग आले. २०१५ च्या नव्या नॅनोची किंमत दोन लाखांना टेकली. आता तरी लाजरे गिऱ्हाईक पदर सावरून पुढे यायला हवे होते. झाले उलटेच. २०१३-१४ मध्ये विक्री एकवीस हजारांच्या आसपास घसरली होती, २०१६-१७ मध्ये ती साडेसात हजारांवर आली. जून २०१८ या अख्ख्या महिन्यात कारखान्यातून एक नॅनो बाहेर पडली. एक! जोवर गाडी स्वस्त म्हणून ओळखली जात होती तोवर ती हजारोंनी गेली आणि प्रतिष्ठित होऊ लागली तशी मेली. हा क्रम गृहस्थांनी कधी कागदावर मांडला असता, तर त्यांची आणि श्रोत्यांची पाच मिनिटे वाचली असती.

नॅनोचा कारखाना आधी बंगालातल्या सिंगूरला व्हायचा होता. त्याबद्दल गृहस्थ म्हणाले की तिथे आंदोलन झाले नसते तर चित्र वेगळे असते. उशीर झाला हे खरे. ऑक्टोबर २००८ मध्ये टाटांनी सिंगूर सोडले आणि गुजरातेतल्या साणंदचा कारखाना जून २०१० मध्ये सुरू झाला. पण वर्षाला अडीच लाख गाड्यांची सोय असलेला कारखाना उभा राहिल्यावरही तो रिकामा राहिला, त्याचे खापर सिंगूरवर कसे फोडणार? सुरक्षिततेच्या चाचणीत नॅनोला शून्य तारे मिळाले हाही मुद्दा आला. २०१४ च्या त्या चाचणीत बरोबरच्या चार नामांकित गाड्यांनाही शून्यच मिळाले होते, आणि त्या पुढेही खपल्या.

हा सूर एकट्या मोटारीपुरता नाही. इथल्या माणसाची अडचण त्याच्या स्वभावावर ढकलायची खोड जुनी आहे. कापूस का परवडत नाही? शेतकरी लग्नात उधळतो म्हणून. कर्ज का फिटत नाही? दारू पितो म्हणून. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, यवतमाळात आणि आदिलाबादेत, शेतकरी गळफास घेत होते तेव्हाही सभांतून हेच ऐकवले जात होते, आणि तेव्हाही पहिल्या रांगेत टाळ्या होत्या. भाषेचेही तेच. १९५६ च्या प्रांतरचनेत आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा पलीकडे, आजच्या महाराष्ट्रात गेले, बेला-जैनथ अलीकडे, आजच्या तेलंगणात राहिले. तेव्हापासून पलीकडचे म्हणतात तुमची मराठी भेसळीची, अलीकडचे म्हणतात तुमची तेलुगू कच्ची. आदिलाबादच्या गाडीच्या पाटीवर एपी ०१ होते, मग टीएस ०१ आले, आता टीजी ०१. पाट्या बदलल्या. माणसाला तपासायची रीत तेवढी बदलली नाही.

असो. लाज नव्हती तर काय होते? हिशेब होता.

एक लाख ही किंमत कारखान्याच्या दारातली. तिच्यावर वाहतूक, कर, लाइफ टॅक्स, विमा चढला की गाडी घराच्या दारात येईपर्यंत लाख मागे पडत असे, आणि पुढे भाव वाढत गेले. त्याच सुमारास वापरलेली मारुती ८०० लाखाच्या आत मिळत होती. तिचा सुटा भाग इच्चोड्याच्या मिस्त्रीकडेही सापडायचा आणि विकायला काढली तर आठवड्यात गिऱ्हाईक यायचे. शिवाय बँकेचा हप्ता दर महिन्याला येतो, कापसाचा पैसा मात्र डिसेंबर ते फेब्रुवारीत, आला तर. पगारदाराला हे कळायला वेळ लागतो.

आता गाडीच्या मागे जाऊन उभे राहू. पहिल्या नॅनोला मागे डिकीचे झाकण दिसते, पण ते उघडत नाही. काच बंद, पत्रा बंद. २०१५ पर्यंत ही तऱ्हा होती. सामान ठेवायचे तर बाजूच्या दारातून आत वाकायचे, मागच्या सीटची पाठ पुढे पाडायची आणि वस्तू तिच्यावरून पलीकडे लोटायची. पन्नास किलोचे डीएपी खताचे पोते असे लोटून पाहावे. ते जिथे जाऊन पडते त्याच्या खाली इंजिन असते, त्यामुळे जागाही उथळ. पेट्रोल भरायचे तर पुढचे बॉनेट उचलायचे, टाकीचे तोंड तिथे. आणि टाकी पंधरा लिटरची. हे वेडेपणाने केलेले नव्हते. मागचे झाकण उघडते केले की बिजागऱ्या आल्या, कुलूप आले, रबर आले, सांगाडा मजबूत करणे आले. ते सारे टाळून, चाकाला चारऐवजी तीन नट लावून, एकाच वायपरवर भागवून पुण्याच्या अभियंत्यांनी लाखाचा आकडा गाठला. ती करामतच होती आणि प्रस्तुत लेखक तिला टोपी काढून मान देतो. फक्त ज्या घरात सहा माणसे, दोन पोती आणि वेचणीला न्यायच्या बाया आहेत, त्या घराला ती करामत उपयोगाची नव्हती. पावसात स्कूटरवर चौघे भिजताना पाहून ही गाडी सुचली, असे रतन टाटा सांगत. कळवळा खरा होता. पण स्कूटरवरच्या त्या कुटुंबाच्या पायापाशी एक पिशवीही असते.

याच कंपनीचे, त्याच पुण्यातले दुसरे वाहन पाहा. २००५ साली टाटा एस आली, जिला सगळा मुलूख छोटा हाथी म्हणतो. ७०२ सीसीचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन, आवाज असा की बोलणाऱ्याने ओरडावे, रूप बेताचे. तिचे काम ज्या गिरीश वाघ यांच्याकडे होते, त्यांच्याकडेच पुढे नॅनोचे आले. एस करताना ही मंडळी तीनचाकी चालवणाऱ्यांना जाऊन भेटली. त्यातला एक म्हणाला होता की चारचाकी असती तर आपल्याला गावात बरे स्थळ आले असते, असा किस्सा सांगतात. गृहस्थांनी तो पुढच्या व्याख्यानात वापरावा, त्यांच्या फायद्याचा आहे. प्रतिष्ठा हवी असते, कोण नाही म्हणतो? पण त्या पोराने ती भाडे कमावणाऱ्या गाडीत मागितली. एस परिवारातल्या दहा लाखांवर गाड्या २०१२ पर्यंत विकल्या गेल्या. कोणाला लाज वाटल्याचे ऐकिवात नाही.

स्वस्त मोटारीचा ध्यास मराठी मुलखाला नवा नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी स्वातंत्र्याच्या सुमारासच 'मीरा' नावाची छोटी मोटार बनवायला घेतली आणि पुढची कित्येक वर्षे तिच्यावर घालवली. ती कारखान्यापर्यंत पोचलीच नाही. तिच्या बाबतीत दोष परवाना-राज्याला दिला जातो. गिऱ्हाइकाच्या मनाचे विच्छेदन करणारे तेव्हा निघाले नव्हते, हे मीरेचे भाग्य.

मग हवे काय? मागून उघडणारी, पोते घेणारी, आठवडी बाजाराला भाडेही मारू शकेल अशी गाडी. कापूस विकला की वर्षातून दोनदा फेडता येईल असे कर्ज. आणि उटनूरपर्यंत मिस्त्री. एवढे असेल तर तिच्या अंगावर 'सर्वांत स्वस्त' असे ठळक रंगवले तरी चालेल, पोळ्याला बैलासारखी सजवून लोक ती गावातून फिरवतील. आणि तेही जमत नसेल तर संध्याकाळी सहानंतरची एक बस. ही मागणी फार जुनी आहे आणि तिच्यावर अजून कोणी व्याख्यान ठेवलेले नाही.

त्या संध्याकाळी आभारप्रदर्शन झाले, गृहस्थ शाल-श्रीफळ घेऊन आपल्या सात आसनीत बसले. मग सभागृहातल्या भाड्याच्या खुर्च्या, कर्णे आणि 'ग्रामीण ग्राहकाचे मन' लिहिलेला तो आठ फुटी फलक बाहेर उभ्या असलेल्या एका जुन्या छोट्या हाथीत चढवला गेला. मागची फळी पाडली, दोन पोरांनी दहा मिनिटांत सगळे भरले. पाटीवर अजून एपी ०१ होते.