महाग कॉलेज आणि कामगाराचा फंड



बारावीचे निकाल लागले की युनियनच्या शाखा कार्यालयांत एक प्रश्न हमखास येतो: "पोराला खासगी विद्यापीठात प्रवेश मिळतोय, फंड काढू का?" पूर्वी हा प्रश्न इंजिनिअरिंग आणि मेडिकलपुरता होता. आता 'लिबरल आर्ट्स' नावाच्या पदवीसाठीही तो विचारला जातो. गँगमन विचारतो, पोस्टमन विचारतो, आर.एम.एस.मधली भगिनीही विचारते. म्हणून या अंकात त्याचा सरळ हिशेब मांडत आहोत.

आधी ही पदवी काय आहे ते समजून घेऊ. विद्यार्थी एकाच विषयाला बांधलेला नसतो. इतिहास, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, साहित्य, गणित, एखादे विज्ञान असे तो मिळून शिकतो. वर्ग लहान असतात, वाचन भरपूर असते, लिहिणे आणि वाद घालणे रोजचे असते. अमेरिकेतील जुन्या कॉलेजांची ही पद्धत. आपल्याकडे हरियाणात सोनिपतला २०१४ साली सुरू झालेले अशोका विद्यापीठ आणि पुण्याचे फ्लेम विद्यापीठ ही तिची ठळक उदाहरणे.

असले शिक्षण म्हणजे श्रीमंतांची चैन, असे आम्ही म्हणणार नाही. नुसता मॅट्रिक झालेला माणूस तीस वर्षे युनियनचे काम करतो तेव्हा त्याला या शिक्षणाची किंमत चांगली कळते. चार्जशीटला उत्तर लिहायचे, बोर्डाच्या सर्क्युलरमधली मेख शोधायची, साहेबापुढे मुद्दा सोडायचा नाही, यासाठी विचार, भाषा आणि कायदा-इतिहासाची समज लागते. ते मालकाच्या मुलाने शिकायचे आणि कामगाराच्या मुलाने फक्त स्पॅनर धरायला शिकायचे, ही वाटणी आपल्याला मान्य नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेही खासगी विद्यापीठच. तेथे त्यांनी अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे विषय घेतले. त्या शिक्षणाचे या देशाला काय फळ मिळाले ते सांगायला नको. परंतु तो खर्च सुभेदार रामजींच्या पेन्शनीतून झाला नव्हता. महाराज सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती त्यामागे होती. मुद्दा येथेच आहे. शिक्षण मोलाचे आहे यात वाद नाही, वाद आहे तो पैसे कोणी भरायचे याचा.

आता आकडे पाहू. या दोन्ही विद्यापीठांत राहणे-जेवण धरून पूर्ण खर्च वर्षाला दहा लाखांच्या पुढे जातो. तीन वर्षांचे झाले तीस लाख, चौथे वर्ष केले तर चाळीस. सातव्या वेतन आयोगाने १ जानेवारी २०१६ पासून लेव्हल १ चा मूळ पगार १८,००० आणि लेव्हल ६ चा ३५,४०० पासून सुरू केला. तीस लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ३९,६०० रुपये येतो. म्हणजे स्टेशन मास्तरच्या सुरुवातीच्या मूळ पगाराहून जास्त! शिकत असतानाचे व्याज सोडून दिले, तरी फेड साडेसत्तेचाळीस लाखांच्या घरात जाते. १ जानेवारी २०२४ पासून ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादा २५ लाख झाली, पण आपल्यातील बहुतेकांची ग्रॅच्युइटी त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जास बँका सहसा तारण मागतात, म्हणजे गावाकडचे घर. आणि आपल्याला मिळणारा मुलांचा शिक्षण भत्ता बारावीलाच थांबतो.

काही बंधू म्हणतात, "तेथे इंग्रजी सुधारते, मोठ्या लोकांच्या मुलांशी ओळखी होतात, पुढे चांगली नोकरी लागते." यात तथ्य आहे. पण ती कमाई केव्हा हाती येते? अमेरिकेतील जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या २०२० सालच्या अहवालात याचे उत्तर मिळते. तेथील लिबरल आर्ट्स कॉलेजांचा परतावा चाळीस वर्षांच्या हिशेबात सर्व कॉलेजांच्या मध्यम आकड्यापेक्षा बराच पुढे आहे, पण पहिल्या दहा वर्षांच्या हिशेबात तो मागे आहे. झाड उशिरा फळते. बंगलेवाल्याचा मुलगा थांबू शकतो, पुढे एम.ए. करू शकतो, वर्षभर कमी पगारावर आवडीचे काम करू शकतो. ज्याच्या डोक्यावर चाळीस हजारांचा हप्ता आहे, त्याला मिळेल ती पहिली नोकरी धरावी लागते. जी मोकळीक विकत घ्यायला तो गेला, तीच गहाण पडते.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. शुल्कसवलत मिळून खर्च चांगल्या सरकारी कॉलेजच्या आणि वसतिगृहाच्या खर्चाइतका खाली येत असेल, तर मुलाला बेलाशक पाठवा. गरज पाहून सवलत देण्याची सोय अशा विद्यापीठांत आहे. ती मागण्यात लाज नाही. मात्र किती वर्षे, कोणत्या अटींवर, वसतिगृह धरून की सोडून, दरवर्षी फी वाढली तर सवलत वाढणार का, हे प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्या. २०२४ साली मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी विनातारण कर्ज आहे. संस्था त्या यादीत आहे का ते तपासा.

सवलत मिळत नसेल तर फंडाला हात लावू नका. शिक्षणासाठी पी.एफ.मधून काढलेली रक्कम परत भरावी लागत नाही म्हणून ती सोपी वाटते, पण ती तुमच्या म्हातारपणातून कमी होते. २००४ नंतर लागलेल्यांनी तर अधिकच जपावे. एन.पी.एस.मध्ये स्वतःच्या वर्गणीच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत रक्कम यासाठी काढता येते, आणि तेवढी पुढची पेन्शन घटते. शिवाय मुलाच्या महागड्या पदवीपायी मुलीला जवळच्या कॉलेजात 'कसेबसे' उरकायला लावू नका. दोघांचा हिशेब एका कागदावर मांडा.

दुसरे दरवाजे आहेत. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांतील पदवी प्रवेशासाठी सीयूईटी ही एक परीक्षा आहे. दिल्ली, हैदराबाद, बनारस येथे हेच विषय कितीतरी कमी खर्चात शिकता येतात. बदल्यांमुळे महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी तिची माहिती आवर्जून घ्यावी. महाराष्ट्रातील जुनी अनुदानित कला महाविद्यालयेही कमी लेखू नका. १८८५ चे फर्ग्युसन अल्प पगारावर झिजणाऱ्या प्राध्यापकांनी उभे केले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढून 'कमवा व शिका' दाखवून दिले. १९४६ साली बाबासाहेबांच्या संस्थेने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी वर्ग सकाळी ठेवले. ही आपली लिबरल आर्ट्स कॉलेजेच होत.

आज त्यांतील अनेक ठिकाणी प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर गाडा चालला आहे. आपली मुले महागड्या कॉलेजांकडे वळतात याचे हेही एक कारण आहे. तेव्हा मागणी दोन ठिकाणी केली पाहिजे. सरकारकडे, की अनुदानित कॉलेजांतील जागा कायमस्वरूपी भरा. आणि वेतन आयोगापुढे, की शिक्षण भत्ता बारावीला न थांबवता पदवीपर्यंत द्या. या दुसऱ्या मागणीचा ठराव प्रत्येक शाखेने पुढील सर्वसाधारण सभेत करून मध्यवर्ती कार्यालयाकडे पाठवावा.

चांगले शिक्षण हा कामगाराच्या मुलाचा हक्क आहे. त्याची किंमत बापाच्या फंडातून वसूल होता कामा नये.